पहिली सोनोग्राफी आणि डॉक्टरांकडची पहिली भेट : केव्हा जावे, काय विचारावे, रिपोर्ट कसा वाचावा

दिवस गेल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न येतो तो सोनोग्राफी कधी करायची हा, आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर 'उद्याच' असे असते. गरोदरपणातली पहिली मोठी भीती याच घाईतून येते. पाचव्या आठवड्यात बाळाचे ठोके दिसत नाहीत, कारण तोवर ते दिसण्याजोगे झालेलेच नसतात; पण हे आधी कोणी सांगितलेले नसेल, तर ठोके आढळले नाहीत अशी रिपोर्टवरची एक ओळ वाचून पायाखालची जमीन सरकते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत २०२५ च्या जुलैमध्ये नेमके हेच झाले. तिच्या शेवटच्या पाळीची तारीख १० जून होती. पाळी चुकून दहा दिवस होताच, १८ जुलैच्या शुक्रवारी, आम्ही दोघी एका सोनोग्राफी केंद्रात गेलो. टेबलावरच्या मुलीने रिपोर्टचे पाकीट हातात देताना 'ठोके नाही आले अजून' एवढेच सांगितले, आणि पुढचे चौदा दिवस बहिणीने रडून काढले. त्या दिवसांत मी जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले आणि नंतर तिच्याबरोबर प्रत्येक तपासणीला जाऊन जे पाहिले, ते येथे क्रमाने मांडते आहे. उदाहरणासाठी तिच्याच तारखा वापरल्या आहेत, म्हणजे वाचणारीला आपल्या तारखा त्यांच्या शेजारी ठेवून पाहता येतील.

आधी पाळीची तारीख

सगळे गणित शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. डॉक्टरांच्या कागदावर त्याला एलएमपी म्हणतात. पाळी संपली तो दिवस धरायचा नाही, अंगावरून जायला लागले तो धरायचा. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख, म्हणजे ईडीडी, निघते. १० जून २०२५ मध्ये नऊ महिने सात दिवस मिळवले तर १७ मार्च २०२६ ही तारीख येते, आणि मधले दिवस मोजले तर ते बरोबर २८० भरतात. हेच ते चाळीस आठवडे.

हा हिशेब दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी केलेला आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिच्यात स्त्रीबीज सुमारे आठवडाभर उशिरा सुटते, म्हणून तिचा गर्भ कागदावरच्या वयापेक्षा आठवड्याने लहान दिसतो आणि त्यात काहीही बिघडलेले नसते. पीसीओडीमुळे पाळी पुढेमागे होत असेल, आधीचे बाळ अंगावर पीत असताना दिवस गेले असतील, किंवा गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या-केल्या गर्भ राहिला असेल, तर पाळीच्या तारखेवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. हे डॉक्टरांना आणि सोनोग्राफी करणाऱ्यांना विचारण्याआधीच सांगून टाकावे. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नये. 'आठवत नाही' हे उत्तर चुकीच्या तारखेपेक्षा कितीतरी उपयोगी असते.

या मोजणीवरून काही घरांत नको तो संशय उभा राहतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. लग्नाला महिनाच झाला आणि रिपोर्टवर सहा आठवडे कसे, असा प्रश्न सासरी विचारला गेल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. कागदावरचे आठवडे पाळीपासून मोजलेले असतात आणि गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते, त्यामुळे रिपोर्टवरचे सहा आठवडे म्हणजे प्रत्यक्ष गर्भाचे चारच आठवडे. नव्या सुनेच्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी हे नवऱ्यासमोर एकदा सांगितले तर पुढचे पुष्कळ दुःख टळते, आणि तसे सांगायची विनंती जरूर करावी.

घरी करायची लघवीची तपासणी पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर केली तर उत्तर अधिक भरवशाचे मिळते. गावात आशाताईंकडे 'निश्चय' नावाचे किट मिळते.

कोणत्या आठवड्यात जावे

आतून केलेल्या सोनोग्राफीत, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या तपासणीत, गर्भाची पिशवी साधारण साडेचार ते पाच आठवड्यांना दिसू लागते. तिच्या आतली छोटी गोल कडी, जिला योक सॅक म्हणतात, ती साडेपाच आठवड्यांच्या आसपास येते, आणि गर्भाचा ठिपका व त्याचे ठोके सहाव्या आठवड्यापासून दिसतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हेच सगळे सुमारे आठवडाभर उशिरा दिसते. माझी बहीण गेली त्या दिवशी तिला पाच आठवडे तीन दिवस झाले होते. पिशवी दिसली, योक सॅक दिसली, आणि त्या वयाला जेवढे दिसायला हवे तेवढे सगळे दिसले होते. आमचा एक आठवडा चुकला, एवढेच.

म्हणून पोटात दुखत नसेल, रक्त जात नसेल आणि आधी कधी गर्भनलिकेत गर्भ राहिलेला नसेल, तर पहिल्या सोनोग्राफीसाठी सात ते आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. बहिणीच्या हिशेबाने ते दिवस २९ जुलै ते ५ ऑगस्ट असे येतात. मात्र वरच्या तीनपैकी एकही गोष्ट असेल तर आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. सोनोग्राफीसाठी थांबायचे म्हणजे डॉक्टरांसाठीही थांबायचे असे नव्हे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स किंवा हृदयाचा आजार यांसाठी औषधे चालू असतील तर पाळी चुकल्याचे कळताच त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. काही औषधे गरोदरपणात बदलावी लागतात, थायरॉइडच्या गोळीचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. आणि यांतले एकही औषध आपल्या मनाने बंद करू नये, कारण अचानक थांबलेल्या गोळीमुळे आलेली फिट आईला आणि बाळाला दोघांनाही घातक ठरू शकते.

या पहिल्या सोनोग्राफीकडून मोजक्याच प्रश्नांची उत्तरे मागायची असतात. गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत ना, गर्भ एक आहे की दोन, आणि त्याचे वय पाळीच्या तारखेशी जुळते का. जोडीला अंडाशय आणि गर्भाशय पाहिले जाते, फायब्रॉइडची गाठ असेल तर तिची नोंद होते. बाळाचे हातपाय, हृदयाचे कप्पे, मेंदू, मणका यांबद्दल ही सोनोग्राफी काही सांगू शकत नाही, आणि 'सगळे नॉर्मल आहे ना?' या प्रश्नाला डॉक्टर तोलून-मापून उत्तर देतात ते त्यामुळेच.

सोनोग्राफी केंद्रात

डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, आधीचे रिपोर्ट आणि पाळीची तारीख लिहिलेला कागद बरोबर न्यावा. पोटावरून तपासणी होणार असेल तर लघवी भरलेली लागते, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट दिसते. तासभर आधी तीन-चार पेले पाणी प्यायचे आणि लघवीला जायचे नाही. केंद्राबाहेरच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या हातात धरून, पाय आवळून बसलेल्या बायका दिसतात त्या याच कारणाने. आतून तपासणी होणार असेल तर उलट लघवी करून मगच जायचे असते. दोन्हींपैकी कोणती होणार हे वेळ घेतानाच विचारावे.

मशीनपाशी पोहोचण्याआधी एक अर्ज भरावा लागतो, त्याला 'फॉर्म एफ' म्हणतात. गर्भलिंग निवडीला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी तो सक्तीचा आहे. त्यात तुम्हाला मुलगे किती, मुली किती आणि त्यांची वये काय, हेही विचारतात. पहिल्यांदा गेलेल्या बाईला हा प्रश्न खटकतो, पण तो कायद्यानेच अर्जात घातलेला आहे. गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, असे लिहिलेल्या मजकुराखाली सही करायची असते. सही करण्याआधी तो वाचावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला होता, हे आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. लिंग विचारणाऱ्या नातेवाइकांनाही या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तशी मागणी झालीच तर ती बाईवर दबाव आणून झाली, असे कायदा गृहीत धरतो. ठोक्यांच्या वेगावरून किंवा पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी ओळखण्याच्या गोष्टींत काहीही तथ्य नाही.

तपासणीत दुखत नाही. पोटावरून करताना थंडगार जेली लावतात आणि भरलेल्या लघवीवर थोडा दाब येतो. आतून करताना बोटाएवढ्या जाडीचा प्रोब निरोधासारखे आवरण चढवून आत सरकवतात. त्याने गर्भपात होतो ही समजूत चुकीची आहे; प्रोब योनिमार्गातच राहतो, गर्भाशयाच्या तोंडातून आत जात नाही. अवघडलेपण वाटणे मात्र स्वाभाविक आहे. पडदा ओढायला सांगावे, सोबत बाई असावी अशी मागणी करावी, आणि दुखले तर 'थांबा' म्हणावे; तो आपला हक्क आहे. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, क्ष-किरण नव्हे. तरीही पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय दर आठवड्याला तपासणी करून घेऊ नये, आणि ठोक्यांचा आवाज ऐकवण्यासाठी डॉपलर लावायचा आग्रह धरू नये, कारण त्यात ध्वनिलहरींचा मारा अधिक असतो. ठोके मोजायला पडद्यावरची साधी आलेखरेषा पुरते.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टवर सगळ्यांत महत्त्वाचा आकडा सीआरएल हा असतो. ही गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, मिलिमीटरमध्ये. सातव्या आठवड्याला ती साधारण दहा मिलिमीटर असते, म्हणजे ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी. सुरुवातीच्या आठवड्यांत या लांबीत ४२ मिळवले की गर्भाचे वय ढोबळमानाने दिवसांत मिळते. बहिणीची दुसरी सोनोग्राफी १ ऑगस्टला, पाळीपासून ५२ व्या दिवशी झाली, आणि सीआरएल आला १० मिलिमीटर. डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. करड्या रंगाच्या त्या चित्रात काळ्या पिशवीच्या एका कडेला पांढरट दाणा टेकलेला होता आणि त्याच्या मधोमध काहीतरी अगदी बारीक, भराभर उघडझाप करत होते. मिनिटाला १३८ ठोके. जेली पुसायला दिलेला कागद तिने डोळ्यांना लावला.

सहाव्या आठवड्यात ठोके मिनिटाला शंभर ते सव्वाशेच्या घरात असतात आणि नवव्यापर्यंत १७० च्या आसपास पोहोचतात, त्यामुळे दोन बायकांच्या रिपोर्टवरच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पहिल्या तिमाहीत काढलेला सीआरएल हा वय ठरवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. नऊ आठवड्यांच्या आत केलेल्या सोनोग्राफीत पाच दिवसांपेक्षा जास्त, आणि त्यानंतर चौदावा आठवडा लागेपर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर प्रसूतीची तारीख सोनोग्राफीप्रमाणे बदलण्याची पद्धत आहे. ती एकदा ठरली की पुढच्या सोनोग्राफींनी पुन्हा बदलायची नसते. शेवटच्या महिन्यात 'तारीख पुढे गेली' किंवा 'बाळ लहान आहे' अशी चर्चा होते तेव्हा हाच पहिला रिपोर्ट कामी येतो. तो हरवला तर त्याची जागा दुसरा कोणताही रिपोर्ट घेऊ शकत नाही.

काही शब्द उगाच घाबरवतात. अंडाशयावर 'कॉर्पस ल्युटियम सिस्ट' असे लिहिलेले असेल तर ती बहुतेक वेळा स्त्रीबीज जेथून सुटले त्या जागेची गाठ असते, गर्भाला लागणारे संप्रेरक तीच पुरवते आणि पुढे आपोआप विरते. गर्भाशय 'रेट्रोव्हर्टेड', म्हणजे मागे झुकलेले, हीदेखील पुष्कळ बायकांमधली साधी ठेवण आहे. पिशवीच्या कडेला थोडे रक्त साठल्याची नोंद असेल, तर त्याचे माप काय, आणि रक्त अंगावरून जाते आहे का, यावर पुढचे ठरते. ठोके असतील आणि साठा लहान असेल तर बहुतेक गरोदरपणे सुखरूप पुढे जातात. जुळे असेल तर एकच प्रश्न न विसरता विचारावा, की दोघांची वार एक आहे की वेगवेगळी. हे चौदा आठवड्यांच्या आत सर्वांत स्पष्ट दिसते, नंतर ओळखणे अवघड होत जाते, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या किती अंतराने करायच्या ते त्यावरच अवलंबून असते.

ठोके दिसले नाहीत तर

हा भाग सावकाश वाचावा. गर्भ वाढत नाही असा निष्कर्ष काढण्यासाठी जगभर मान्य असलेले ठराविक निकष आहेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि ठोके नाहीत, किंवा पिशवीचे सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि आत गर्भच नाही, तरच तसे म्हणता येते. माप त्यापेक्षा कमी असेल तर उत्तर 'अजून सांगता येत नाही' हेच असते, आणि सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. योक सॅकसह पिशवी दिसल्यावर ११ दिवसांनी किंवा नुसती पिशवी दिसल्यावर १४ दिवसांनीही ठोक्यांसह गर्भ दिसला नाही, तर मग मात्र गर्भ टिकलेला नाही असे मानतात.

तेव्हा बेताच्या मापांवर, केवळ पोटावरून केलेल्या एकाच सोनोग्राफीनंतर कोणी पिशवी साफ करण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि रक्तस्राव किंवा तीव्र वेदना नसतील, तर शांतपणे 'आतून एकदा पाहू या आणि आठ-दहा दिवसांनी परत तपासू या' असे म्हणावे. चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. थांबण्याने काही हातचे जात नाही. घाईने घेतलेली गोळी परत घेता येत नाही. दरम्यान गरोदरपणातल्या संप्रेरकाचे प्रमाण मोजणारी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करायला सांगतात. तिच्यातला एकटा आकडा फारसे बोलत नाही, दोन आकड्यांमधली वाढ बोलते.

आणि गर्भ खरोखरच टिकला नसेल, तर एक गोष्ट त्या बाईला घरच्यांनी तोंडाने सांगायला हवी. लघवीच्या तपासणीने निश्चित झालेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते पंधरा अशी लवकर संपतात, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढणे, स्कूटरवर बसणे, घडा उचलणे किंवा एखादा पदार्थ खाणे यामुळे हे घडलेले नसते. सक्तीने झोपून राहिल्यामुळे गर्भपात टळतो असेही दिसून आलेले नाही.

डॉक्टरांसमोरची पहिली भेट

सोनोग्राफीच्या गडबडीत या भेटीकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते सोनोग्राफीपेक्षा हीच भेट जास्त मोलाची आहे. ती बारा आठवडे पूर्ण होण्याआधी व्हायला हवी. डॉक्टर पुष्कळ विचारतात, आणि सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर काही उत्तरे देता येत नाहीत. आधीचा गर्भपात, लग्नाआधीचा आजार, घरातली मारहाण, अशा गोष्टी सांगायच्या असतील तर 'मला दोन मिनिटे एकटीला बोलायचे आहे' असे म्हणावे.

आधीची बाळंतपणे कशी झाली, सिझेरियन झाले होते का, बाळाचे वजन किती होते, स्वतःला किंवा आईला-बहिणीला मधुमेह, रक्तदाब आहे का, हे सगळे लिहून न्यावे. नवरा नात्यातला असेल, मामेभाऊ-आतेभाऊ असेल, तर ते लपवू नये. आपल्याकडे ही लग्ने सर्रास होतात आणि आनुवंशिक आजारांच्या तपासण्या ठरवताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. मिश्री लावण्याची सवय असेल तर तीही सांगावी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली ती दिवसातून तीनदा लावली जाते आणि विचारल्यावर 'व्यसन काही नाही' असे उत्तर येते. घरचे काढे, आयुर्वेदिक गोळ्या, फार्मसीतून परस्पर घेतलेली औषधे यांची वेष्टने पिशवीत घालून न्यावीत.

मग उंची, वजन, रक्तदाब आणि डोळ्यांतला फिकेपणा पाहतात. रक्तदाब १४०/९० किंवा वर आला तर थोडे बसवून पुन्हा मोजतात. पहिल्या भेटीचे वजन आणि रक्तदाब हे पुढच्या नऊ महिन्यांचे मूळ माप असते, म्हणून ते कार्डावर लिहिले गेले की नाही ते स्वतः पाहावे.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस या येतात, आणि लघवीत प्रथिने व जंतुसंसर्ग पाहतात. एचआयव्हीचे नाव ऐकून अपमान वाटून घेऊ नये. ती प्रत्येकीची करतात, कारण वेळीच औषध सुरू केले तर बाळाला लागण होण्यापासून वाचवता येते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. साखरेसाठी आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह धरतात, आणि पहिल्या वेळी ठीक आले तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायची असते.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही तपासावा. नवरा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ती टाळण्यासाठी २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात. मध्येच रक्तस्राव किंवा गर्भपात झाला तरी ते लागेल का, हे विचारायला विसरू नये.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, तर सिंधी, लोहाणा अशा समाजांत थॅलेसेमिया जास्त आढळतो, पण तो फक्त त्यांच्यातच असतो असे नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसूनही त्याचा दोष बाळाकडे देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती दहाव्या आठवड्यात हाती आली तर पुढच्या तपासण्यांना वेळ मिळतो, पाचव्या महिन्यात आली तर सगळेच अवघड होते.

औषधांत पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी सर्वांत महत्त्वाची, रोज ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह, फिट्सची औषधे किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. लोह आणि कॅल्शियम साधारण चौथ्या महिन्यापासून सुरू होते. धनुर्वाताचे, म्हणजे टीडीचे, पहिले इंजेक्शनही नोंदणीच्या वेळी देतात.

अकरावा ते चौदावा आठवडा

पुढची ठरलेली सोनोग्राफी म्हणजे एनटी स्कॅन. बाळाच्या मानेमागच्या त्वचेखालील पाण्याचा थर त्यात मोजतात. त्यासाठी सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान असावा लागतो, म्हणजे अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत. बहिणीसाठी हा काळ २६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर होता. हा काळ हुकला तर ही तपासणी नंतर करता येत नाही, म्हणून वेळ आधीच घेऊन ठेवावी. याच सुमारास डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात. दोन्ही मिळून डाउन सिंड्रोम, म्हणजे एका जादा गुणसूत्रामुळे येणारा जन्मजात दोष, असलेल्या शंभर बाळांपैकी साधारण ८५ ते ९० जणांचा सुगावा लागतो.

तिचा निकाल 'एकास दोनशे' अशा भाषेत येतो आणि त्यावर लाल अक्षरात 'हाय रिस्क' छापलेले असते. एकास दोनशे याचा अर्थ, असा निकाल आलेल्या दोनशे बायकांपैकी एकशे नव्याण्णव जणींच्या बाळाला तो दोष नसतो. हे निदान नाही, चाळणी आहे. निदानासाठी वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा की नाही हे जोडप्याने समुपदेशनानंतर स्वतः ठरवायचे असते.

तारखेची वाट न पाहता कधी जावे

एका बाजूला ओटीपोटात कळ येणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर येऊन घाम फुटणे, ही गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि अजून सोनोग्राफीत गर्भाची जागा निश्चित झालेली नाही हे स्पष्ट सांगावे. तासाला एकापेक्षा जास्त पॅड भिजणे, गाठी पडणे, ताप, लघवीला जळजळ, किंवा उलट्यांमुळे पाणीही न ठरणे आणि दिवसभरात लघवी न होणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळची वाट पाहू नये. नुसते डाग लागणे पुष्कळ जणींना होते, दर चौघींपैकी एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडेफार रक्त जाते, आणि त्यांतल्या बहुतेकींचे बाळ सुखरूप असते. तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

नाव नोंदवणे आणि पुढच्या तारखा

खासगी डॉक्टरांकडे जात असलात तरी उपकेंद्रात किंवा पालिकेच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि औषधे मोफत आहेत, आणि चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला तेथे डॉक्टरांकडून विशेष तपासणी होते. मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. त्यासाठी आधार, बँक खाते आणि कार्डावरची पाळीची तारीख लागते, म्हणून ती तारीख कार्डावर बरोबर उतरली आहे ना, हे आशाताईंसमोरच तपासावे.

सगळे रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे लावावेत आणि पहिल्या सोनोग्राफीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण तिची छपाई काही महिन्यांत पुसट होते. निघताना पुढची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. बाळाचे अवयव तपासणारी मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत करतात, आणि बहिणीच्या हिशेबाने तो काळ १४ ते २८ ऑक्टोबर असा येत होता. त्यातच दिवाळीच्या सुट्ट्या पडत होत्या, म्हणून आम्ही एनटी स्कॅनच्याच दिवशी, सप्टेंबरमध्ये, १५ ऑक्टोबरच्या बुधवारची वेळ मागून घेतली.